सोलापुरात आलेली यल्लम्मा

सोलापूर, कार्तिक महिना, १९३८

प्रिय बायाक्का,

तुझ्या मष्णूचा नमस्कार. दाजी वाचून दाखवतीलच. दाजी, मधलं काय गाळू नका, आक्काला लगेच कळतं.

मी बरा आहे आणि अजून गिरणीतच आहे. मिरजेच्या हॉटेलात कपबशा फुटल्या, सांगलीच्या वखारीत पोत्यावर पडलो. फिट आली की नोकरी गेली, असंच चाललेलं. आप्पांचं म्हणणं, वडगावातच मागावर बस, पाय मागाच्या खड्ड्यात असले की पडून पडशील कुठं, आपल्याच लुगड्यावर. खरं होतं ते. पण येणारा-जाणारा मी विणतोय का वाकडा होतोय एवढंच बघायचा. ते मला सोसलं न्हाय.

इथं साचे, म्हणजे गिरणीतले माग, पट्ट्यावर पळतात. पट्ट्यात धोतराचा सोगा गेला तर माणूस पाठोपाठ जातो. मला आधी जिभेवर लोखंडाची चव येते, तुला ठाऊक आहे. ती आली की साचा थांबवून मी दोन साच्यांच्या मधे खाली बसतो. पहिल्या खेपेला परशराम मुकादम धावत आला आणि माझ्या जागी बदलीवाल्याला हाका मारायला लागला. शेजारच्या साच्यावर बोरगावचा भरमू असतो, तो आडवा झाला. हात लावू नका म्हणाला, आमच्याकडची सौंदत्तीची यल्लम्मा आलीया, तिचा साचा दुसऱ्याला दिलात तर खात्यात एक धागा टिकायचा न्हाय. भरमूच्या चुलत्याला हेच दुखणं, त्याला काय कळत न्हाय व्हय? पण मी शुद्धीवर आलो तर माझ्या कपाळभर हळद, आणि मुकादम पुढ्यात हात जोडून. मी हळद न पुसता साचा चालू केला.

त्या दिवसापासनं माझा लई थाट. बायका साच्याजवळ नारळ ठेवायच्या, खोबरं भरमू खायचा. आता त्याला बंडी होत न्हाय. मला मात्र सरकारी दवाखान्यातलं खारट औषध भिंतीआड लपून प्यावं लागायचं. देवीला औषध कशाला, असं कोण म्हणालं तर? पण नोकरी पक्की झाली, आक्का. जन्मात पहिल्यांदा.

मग दसऱ्याच्या आसपास मुकादम मला घरी घेऊन गेला. त्याची एकच पोर, मनू, आपल्या सोप्यात खेळायला येणाऱ्या पोरींएवढी. केस मोकळे सोडून कोपऱ्यात बसवलेली, उपाशी, मिरचीच्या धुरानं डोळे सुजलेले. मुकादमाची बायको म्हणाली, हिच्याबी अंगात येतं, पण ही बोलत न्हाय, नुसते हातपाय झाडते. तुमच्या देवीला विचारा, हिला कुणी धरलंय. मी मनूजवळ बसलो आणि विचारलं, आधी तोंडात चव कशी येते गं? ती म्हणाली, पैसा चोखल्यावाणी.

दारात भरमू उभा होता. डोळ्यानं खुणवत होता, देवीच्या तोंडून बोल की रं, धूर बंद करा म्हणावं, पोरगीबी सुटंल आणि तुझी नोकरीबी राहील. शहाणा आहे तो. देवीनं धूर थांबवला असता, पण मग औषध कोण देणार होतं? मी मुकादमाला सरळ सांगितलं, हिला कुणी धरलं न्हाय, माझ्यातबी कोण येत न्हाय. फिट आहे. खिशातली बाटली काढून दाखवली. त्याची बायको उसळली, देवीच्या नावावर नारळ खाल्लेस व्हय रं? मी म्हटलं, नारळ भरमूनं खाल्ले. कुणी हसलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी माझ्या साच्यावर बदलीवाला. मी रोज गेटवर जाऊन बसायचो, मुकादम तोंड फिरवून आत जायचा. काल मात्र थांबला. म्हणाला, साच्यावर तुला घेत न्हाय, पट्ट्यात गेलास तर मी कुणाला तोंड दाखवू? घडी खात्यात बसून काम आहे, उद्यापासनं ये. म्हणजे दुसऱ्यानं विणलेल्या कापडाच्या मी घड्या घालायच्या. आप्पांना हे एवढं सांगू नको.

मग त्यानं विचारलं, तुला ल्हानपणी कोण सांभाळायचं? मी तुझं सांगितलं. कोण चप्पल हुंगवायला आलं की तू ती अंगणात भिरकावायचीस. मला कुशीवर वळवून पदराची घडी डोक्याखाली द्यायचीस. आणि मला जाग आली की काय झालं त्याचा चकार शब्द न काढता शेजारच्या अंबुबाईची कोंबडी आज कुठं अंडं घालून आली ते सांगत बसायचीस. मुकादम खाली बघत ऐकत होता. म्हणाला, औषध चालू केलंय, पण पोरगी पडली की माझ्या बायकोचा हात अजून मिरचीकडंच जातो.

दाजी, आता तुम्हाला विचारतो, त्यासाठीच हे लिहायला बसलो. आक्काला थोडे दिवस इकडं पाठवा. माझ्या नोकरीसाठी न्हाय, ती जी काय मिळाली ती मिळाली. पण हे लिहून कुणाला शिकवता येत न्हाय, हात बघावे लागतात. घरात माणसं आहेत, देव आहेत, आता बाटलीबी आहे. आक्का, त्या पोरीला आक्का न्हाय.

तुझाच,
मष्णू