दोनचं बटण

आई, बाबांचा जुना फोन परत चालू झालाय. तोच, राखाडी रंगाचा, बटणांचा, अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये असताना आणलेला. एकदम दोन आणले होते त्यांनी, एक तुला, एक स्वतःला. तू स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होतीस आणि ते बाहेरच्या खोलीतून तुला फोन लावून बघत होते. पिठाच्या हातानंच तू तो कानाला लावलास आणि म्हणालीस, "ओरडताय कशाला? मी इथेच आहे." मग त्यांनी मला समोर बसवून विचारलं, एकच बटण दाबून धरलं की थेट आईला लागेल असं काही करता येतं का. मी दोनच्या बटणावर तुझा नंबर घालून दिला. त्यानंतर तुझा नंबर पाठ करायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

तू गेल्यावरही त्यांनी तो नंबर बंद होऊ दिला नाही. आठवणीनं दुकानात जाऊन रिचार्ज मारून यायचे. तुझा हँडसेट बिघडला तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून ते कार्ड मी माझ्या फोनमध्ये घातलं, माझ्या कार्डाशेजारी. इतकी वर्षं त्या नंबरवर कुणाचा फोन आला नाही. मग बाबा विसरायला लागले आणि तो वाजायला लागला. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी ऑफिसात होते. "अगं, डाळ कुकरला लावून ठेवू का?" मी म्हटलं, "बाबा, मी आहे." त्यांनी फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरची बाई विचारत होती, काय झालं, कुणाचा फोन होता.

आता ते माझ्याकडेच असतात, बदलापूरला, खरवईत. एक दिवस दूध आणायला म्हणून खाली उतरले ते आलेच नाहीत. त्यांचा फोन लागेना. संध्याकाळी एका रिक्षावाल्यानं त्यांना आणून सोडलं. आमच्याच नाक्यावरचा, म्हणून ओळखत होता. "ताई, काका रुळाच्या कडेनं चालले होते, एकटेच," तो म्हणाला. बाबा सोफ्यावर बसून माझ्याकडे तक्रार करत होते, "तुझी आई फोनच उचलत नाही." मी त्यांचा फोन हातात घेतला. सिग्नलची एकही काडी नव्हती. कंपनीनं जुनं नेटवर्क बंद केलं होतं, तसे मेसेजही येऊन पडले होते, वाचतंय कोण. तो माणूस रुळाच्या कडेनं चालत बटण दाबून धरत होता आणि त्याच्या हातातलं ते यंत्र कुठेच पोचत नव्हतं, हे डोळ्यांसमोरून जाईना.

आधी नवा फोन आणला, दिसायला अगदी तसाच, बटणांचा. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि चपलांच्या कपाटात ठेवून दिला. "हा आपला नाही," म्हणाले. मग मी जुनाच घेऊन उल्हासनगरला गेले. मार्केटात एक सिंधी काका आहेत, जुने फोन दुरुस्त करणारे. त्यांनी उघडून पाहिला. बॅटरी फुगली होती, ती बदलली. म्हणाले, "फोन में कुछ खराबी नहीं, बेटा. इसका टावर ही बंद हो गया. नंबर दूसरी कंपनी में डालो, उनका पुराना वाला अभी चालू है."

"कब तक चालू रहेगा?"

"वो मैं कैसे बोलूँ? एक दिन वो भी बंद करेंगे."

बाबांचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेला. नवं कार्ड नखाएवढं, जुन्या फोनची जागा मोठी, म्हणून ते प्लास्टिकच्या चौकटीत बसवून आत सरकवलं. तरी फोन म्हणे, कार्ड घाला. काका म्हणाले, असं होतं, फार जुने फोन काही नवी कार्डं ओळखतच नाहीत. कार्ड बदलून घेतलं, ते मात्र फोननं ओळखलं. काड्या आल्या तशी मी दुकानातच दोनचं बटण दाबून धरलं आणि माझ्या पर्समध्ये तुझा नंबर वाजला. काकांना वाटलं, मी आनंदानं रडतेय.

पण खरवईला आले तर घरात रेंज नाही. गॅलरीत एक काडी, खाली गेटपाशी दोन, नाक्यावर पुन्हा काहीच नाही. रविवारभर मी तो फोन हातात धरून बाबा जिकडे जिकडे जाऊ शकतील तिकडे फिरत होते. दर वळणावर काड्या बघत होते. लोकांना वाटलं असेल, बाईचं काहीतरी हरवलंय.

आणि मग मागच्या महिन्यात, भर दुपारी, मी गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या उतरवायला गेले आणि खाली आले तर दार सताड उघडं. बाबा नाहीत, फोन नाही. नवरा स्कूटर घेऊन स्टेशनकडे गेला, मी रुळांच्या बाजूला पळाले. फोन लावतेय तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. एक गाडी धडधडत गेली आणि मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात तुझा नंबर वाजला.

"कुठे आहेस गं? मला आत सोडत नाहीयेत."

"बाबा, मी बोलतेय. कुठे आहात तुम्ही?"

"कोण? तिला दे फोन."

"बाबा, मीच आहे हो, सांगा ना, कुठे..." कट.

मी परत लावला, लागेना. परत लावला. तिथेच दगडावर बसले. देवाचं नावसुद्धा तोंडात येईना. पुन्हा वाजला तेव्हा मी विचार केलाच नाही.

"अहो," मी म्हणाले.

"हां. बोल."

"अहो, कुठे थांबलाय तुम्ही?"

"फॅक्टरीच्या गेटवर. पास विसरलोय बघ. शिफ्ट सुरू झाली असेल."

"पास घरीच राहिलाय. मी घेऊन येते. तिथेच सावलीत बसा."

"उन्हाची येऊ नकोस."

"रिक्षानं येते. गेटवर कुणी आहे ना, त्यांना द्या बरं फोन."

"देतो. जेवलीस का?"

"हो," मी म्हणाले.

वॉचमन भला माणूस होता. "मॅडम, काकांना खुर्ची दिलीय, तुम्ही या आरामात." अंबरनाथपर्यंत रिक्षात मी फोन कानालाच लावून बसले होते, तो कधीच बंद झाला होता तरी. बाबा खुर्चीवर बसून पाणी पीत होते. मला बघून म्हणाले, "तू कशी आलीस? तुझी आई येणार होती."

आता तुझा नंबर वाजला की हातातलं टाकून धावते. नाही वाजला तरी फोन काढून बघत राहते. ही कंपनी कधी बंद करेल कुणास ठाऊक.

घरी सगळ्यांनी विचारलं, बाबांनी पत्ता सांगितला कसा. मी सांगितलं, त्यांनी माझा आवाज ओळखला. दादाला पुण्याला फोन केला तर तो रडायलाच लागला, "म्हणजे अजून ओळखतात गं ते आपल्याला." मी हो म्हटलं. परवा भेटला तेव्हाही तेच विचारत होता, मी परत हो म्हटलं. हे लिहिलेलं त्याला दाखवणार नाही, कुणालाच नाही. आई, त्यांनी मला नाही ओळखलं.