तळघराखालची विहीर

मंगळवार, ६ मे

शून्य! यंत्रावर चक्क शून्य! मागच्या कुरणातली जुनी तेलविहीर पास झाली. कित्येक वर्षं बंद पडलेला तो गंजका पाइप, आणि सरकारला त्याची आठवण आत्ता झाली! तपासायला आलेली ग्रेचेन ओबर्ग असेल तिशीची. चिखलाचे बूट, खांद्याला यंत्र. पाइपाभोवती फिरली, गवतात फिरली, जाताजाता आमच्या तळघरातही उतरली. ऊन लख्ख. कुठेच गॅस नाही.

मर्ल – माझा सासरा, अठ्ठ्याऐंशीचा, पण जीभ अजून अठराची – जिन्यावर पहारेकऱ्यासारखा उभा. "काय बाई, सापडलं का भूत?" ती बिचारी हसली. मी तिला हरणाच्या मांसाचं सँडविच बांधून दिलं. माझ्या नवऱ्याला, हार्लनला, जाऊन सात वर्षं झाली. स्वतः सुटला, आणि बापाची बडबड माझ्या नशिबी ठेवून गेला!

खरं सांगायचं तर माझा जीव टांगणीला लागला होता. डॅना ईस्टरपासून इथेच आहे, पाच महिन्यांच्या एल्सीला घेऊन. नवऱ्याशी पटलं नाही, जाणार कुठे? लेकीला थारा द्यायचा तर घर धड हवं ना. आहे बाई, धड आहे.

बुधवार, ७ मे

किती दिवसांनी गाढ झोपले.

सोमवार, १२ मे

ग्रेचेनचा फोन. पुन्हा तपासायचं म्हणते – आणि कधी, तर वादळ येतं तेव्हा! म्हणे, उघडीप असली की हवेचा दाब जास्त असतो, गॅस खालीच दबून राहतो. वादळाआधी दाब उतरतो आणि विहीर उसासा टाकते. मर्ल खवळलाच. "विहिरीला काय संधिवात झालाय, आभाळ आलं की दुखायला?" मलाही हसू आवरेना.

फोन ठेवताना तिने विचारलं, "नोरीन, वादळात तुम्ही कुठे बसता?"

म्हटलं, तळघरात. हा काय प्रश्न झाला? इथे सगळेच तळघरात बसतात.

 ती म्हणाली, शुक्रवारी वादळाचा अंदाज आहे, तेव्हा येते.

शुक्रवार, १६ मे

 लिहिलं नाही तर वेड लागेल.

दुपारीच अंधारून आलं. वादळाचा इशारा देणारा अग्निशामक दलाचा भोंगा सुरू झाला. मर्लने नेहमीसारखा हुकूम सोडला – "खाली चला सगळे!" डॅना एल्सीला छातीशी धरून उतरली, मागून म्हातारा. मी खिडक्या लावत होते. तेवढ्यात ग्रेचेनची गाडी अंगणात. ती स्वयंपाकघरात आली आणि तिचं यंत्र किंचाळायलाच लागलं! थांबेचना.

"खाली कोण आहे?"

"सगळेच!"

"वर काढा! दिव्याच्या बटणाला हात लावू नका!"

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडले. खालून डॅना – "मम्मी, डोकं फिरलंय का तुझं? वादळ डोक्यावर आलंय!" जन्मात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले. डॅना चार पायऱ्या चढली आणि खाली बसली. "पायच उचलत नाहीत गं..." ग्रेचेनने पोर ओढून घेतलं. एल्सीची मान लोंबत होती. देवा! मी डॅनाला काखेत धरून फरफटत आणलं. मर्ल भिंत धरत, शिव्या देत आला.

रस्त्याकडेच्या चरात पडून राहिलो. वर गारांचा मारा. भोंगा सांगतोय आत जा, आणि आम्ही बाहेर! मी एल्सीवर पालथी पडले होते. ती ओकली. मग रडली. रड गं बाई, हवं तेवढं रड!

शनिवार, १७ मे

दोघींना डॉक्टरांनी घरी सोडलं. पण घर कुठलं? चर्चने पाहुण्यांची खोली दिलीय, तिथे आहोत.

ग्रेचेन म्हणाली, कुरणातल्या विहिरीचा काही दोष नाही. तळघराच्या फरशीखाली दुसरी आहे.

मी हसले. म्हटलं, घराखाली कशी असेल विहीर?

"आहे की," मर्ल म्हणाला. असा म्हणाला, जशी काही माळ्यावर जुनी खुर्चीच आहे! "माझ्या आजोबाने खणलेली. तेल आटलं होतं. मी तिच्या तोंडात ओंडका ठोकला, वर सिमेंट ओतलं, आणि घर बांधलं. तेव्हा सगळे तेच करायचे. सपाट जागा तेवढीच होती."

ओंडका! लाकडाचा! साठ वर्षं मातीत कुजतोय, आणि वर मी मुलं वाढवली!

सांगितलं का नाही, विचारलं. म्हणाला, "कोणी विचारलंच नाही."

दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

रविवार, १८ मे

विहीर नीट बुजवायची तर वरून यंत्र उतरायला हवं. म्हणजे घर पाडायचं. घर मर्लच्या नावावर, आणि तो सही करत नाही. "मी मेल्यावर पाडा." प्रार्थनेला आलेल्या सगळ्यांसमोर भांडलो. म्हटलं, बाबा, तुमची नात आणि पणती मरता मरता वाचली! तर म्हणतो, वाचली ना?

डॅना सामान बांधतेय. सही नाही झाली तर ती नवऱ्याकडे परत जाणार. त्या माणसाकडे!

मंगळवार, २० मे

सकाळी मर्ल आपणहून म्हणाला, "कागद आण. सही करतो."

म्हटलं, एका रात्रीत काय झालं?

कॉफी ढवळत बसला. मग म्हणाला, "हार्लन गेला त्या दिवशी बटाटे आणायला तळघरात उतरला ना, तेव्हाही असंच अंधारून आलं होतं. मी बघायला उतरलो तर मलाही गरगरलं. डॉक्टर म्हणाला हार्ट अटॅक. मला बरंच वाटलं गं. म्हटलं, असेल, तसंच असेल."

मी सात वर्षं तिथूनच बटाटे आणतेय.