बिरोबाचा कौल आणि डाळजचा गुरुजी

९ जानेवारी १९५६
ट्रेनिंग सुरू. भवानीनगरजवळच्या वाडीत बिरोबाच्या देवळात बालवाडी चालते. ती कशी उभारायची नि चालवायची हे शिकायला मी आणि माझा जिवाभावाचा दोस्त सर्जेराव इथं आलोय. शिकवणार बापूसाहेब. डाळजच्या देवळातही अशीच निघणार. तिथला गुरुजी आमच्या दोघांतून निवडायचा. म्हणजे मी. तिथले कुंडलिकतात्या म्हणालेतच, आमची लेक रतन नव्या गुरुजीलाच देणार. म्हणजे मला.

१० जानेवारी
पोरं मला बघून रडली. दरारा असतो एकेकाचा.

१७ जानेवारी
आधी कपाळाला भंडारा, मग प्रार्थना, मग भिजवलेले हरभरे, मग झोप, असा क्रम. आज भंडारा मी लावला. पोरं वळवळतात, त्याला मी काय करू? डोळ्यांत गेला. एकाची आई, बानूबाई, तावातावानं आली. म्हणाली, पोराला लावतुयास का भिंत सारवतुयास? अडाणी बाई! उद्यापासून शांत राहायचं.

१८ जानेवारी
शांत राहिलो नाही.

२ फेब्रुवारी
बापूसाहेब म्हणाले, पोर आधी मांडीवर, मग पाटीवर. घेतलं एकाला मांडीवर. धोतर बदलावं लागलं. सर्जेरावाला म्हटलं, मांडीचं तू बघ, पाटीचं मी बघतो. लगेच कबूल झाला. भोळा आहे बिचारा. आता सगळी पोरं त्याच्याच अंगावर लोळतात. मला प्लॅनिंगला वेळ मिळतो.

२६ फेब्रुवारी, रविवार
निवड म्हणे कौलावर! देवळातली बालवाडी, तेव्हा देवालाच विचारायचं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग ट्रेनिंग कशाला घेतलं? असो. देव मला ओळखतो. रोज गाभारा झाडतो मी. निदान सोमवारी तरी.

३ मार्च
देवावर भरवसा आहे. तरी सर्जेरावाजवळ बोललो. हसून म्हणाला, एवढं भ्या वाटतंय तर डाव्या खांद्याला गूळ लाव की, पाकळी सुटायचीच न्हाय. मला पटलं. गूळ म्हणजे नैवेद्यच.

४ मार्च, रविवार
दगा! पहाटे गाभारा झाडताना डावीकडच्या खांद्याला गूळ लावला. पहिला नंबर मागून घेतला. गुळाची पाकळी जागची हलली नाही, दुसरी टपकन पडली. मी हात जोडून पुढं झालो, तर पुजारी म्हणाला, डावा कौल, देव न्हाय म्हणतोय. म्हटलं, अहो, उजवी पडली की! तर म्हणाला, ती तुझी उजवी, देवाची डावी. देव आपल्याकडं तोंड करून बसलाय, पाठ करून न्हाय. सगळी वाडी हसली.
मग देवाला पाणी घातलं. गूळ वाहून गेला. सर्जेरावाला लगेच उजवा कौल.
त्याला विचारलं, आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाला, गड्या, तू खरंच लावशील असं वाटलं न्हाय. ह्याला दोस्त म्हणायचं? मुद्दाम केलं त्यानं. आणि देव? ज्याचं घर झाडलं, त्यानंही पाठ फिरवली. फार लागलं मनाला. रडू येतंय, पण लिहिणार नाही.

११ मार्च
कुंडलिकतात्यांकडं जाऊन आलो. शब्दाची आठवण दिली. चहा पाजून म्हणाले, आमी गुरुजीला देतो म्हटलं हुतं, तुला कुठं? शब्द पाळतोय की आमी. रतन दारात होती. वर बघितलंही नाही. सगळे एका माळेचे मणी! लग्नाला जायचं नाही, मेलो तरी.

६ मे, रविवार
गेलो. मन मोठं आहे म्हणून. मांडवात शिरलो तोच तात्यांनी दंड धरला. म्हणाले, बरं झालं आलास, तू ट्रेनिंगवाला, अक्षता पडूस्तवर पोरं तेवढी सांभाळ. सगळ्या पाहुण्यांची पोरं गोठ्यात कोंडलेली, सगळी रडत होती. प्रार्थना म्हटली, आणखी रडली. मांडीवर घेतलं, तर एक चावलं. तिकडं मंगलाष्टकं झाली, ताशा कडाडला, आणि मला राहवेना. मी भोकाड पसरलं.
पोरं एकदम गप्प. एकानं हातातला उष्टा लाडू माझ्यापुढं धरला.
पद्धत नवी आहे. बापूसाहेबांना कळवायला हवी.