आईच्या हातानं तार गंजत नाही

पाटस,
६ मे २०२५

चि. सुलू,

आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण फोन तू उचलत नाहीस आन् तुझी खबर आणणारं दुसरं कुणी नाही. शिरूरला तुझ्या गिटार क्लासची पाटी लागलीय असं कारखान्यातल्या एकानं सांगितलं. त्याच पत्त्यावर टाकतोय. पोचलं तर पोचलं.

गळीत हंगाम मार्चमध्येच आटपला. आता ओव्हरहॉलिंग चालू आहे, मिलची बेअरिंगं खोलून ठेवलीत. फिटर लोकांना या दिवसांत पाचला सुट्टी होते, त्यामुळं संध्याकाळ मोकळी मिळते. आईचे गुडघे दुखतात, तरी शेवंतीच्या वाफ्यात बसल्याशिवाय तिचा दिवस जात नाही. तुझी वहिनी शितल तुझी आठवण काढते.

पत्राचं कारण असं, की तुझी गिटार मी माळ्यावरनं खाली काढली. तारा तुटलेल्या होत्याच. दौंडच्या रेल्वे कॉलनीत म्हस्कूमामा म्हणून एक रिटायर गार्ड राहतात, तरुणपणापासून गिटार वाजवतात. त्यांच्याकडं नेली. त्यांनी नव्या तारा चढवून दिल्या आन् मलाच तीन सूर धरायला शिकवले. हसू नकोस. सेहेचाळिसाव्या वर्षी बोटांची टोकं सोलून घेतोय. दर रविवारी डेमू लोकलनं दौंडला जातो.

पण अडचण वेगळीच आहे. नव्या तारा वीस दिवसांत काळ्या पडल्या. आवाज असा झाला की जणू गोधडीखालून येतोय. मी बारीक पॉलिश पेपर मारला, रॉकेलच्या फडक्यानं पुसल्या. दोन दिवस चकाकल्या, मग आधीपेक्षा वाईट. भिंग लावून बघितलं, तर जाड चार तारांवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते हे कळलं. इतकी वर्षं आपल्या घरात ती वस्तू होती आन् मला ठाऊक नव्हतं. त्या वेढ्यांत ते काळं काय साचतं? तारेचा आवाज जातो म्हणजे नक्की काय होतं? म्हस्कूमामांच्या तारा तर सहा-सहा महिने टिकतात. माझ्याच का जातात?

तुला माहीत असणार. एवढंच विचारायचं होतं.

तुझा,
गोकुळदादा


शिरूर,
१५ मे २०२५

गोकुळदादा,

पत्र चार दिवस तसंच ठेवलं होतं. उत्तर देणार नव्हते. पण तू गिटारीला रॉकेल लावलंस हे वाचून राहवेना.

पहिलं म्हणजे रॉकेल आणि पॉलिश पेपर दोन्ही बंद कर. रॉकेल लाकडात मुरतं, आणि कागदानं तारेवरचा मुलामा निघून जातो. मग ती गंजणारच. वाजवण्याआधी साबणानं हात धुऊन कोरडे करायचे. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराच्या तुकड्यानं एकेक तार चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसायची, तारेच्या खालच्या बाजूनंही. लोक वरवर पुसतात, पण मळ खाली बसतो. घाम, कातडीचा कोंडा, तेल हे सगळं त्या वेढ्यांत जातं, तार जड होते आणि मोकळी थरथरत नाही. म्हणून तुला गोधडी आठवली.

आता बदलायची कधी? पुसूनही आवाज उजळत नसेल, सूर लावला तरी पाच मिनिटांत उतरत असेल, बोटाला खरखर लागत असेल, तर बदल. शिवाय तारेखालून बोट फिरव. धातूच्या पट्टीवर ती जिथं दाबली जाते तिथं खाच लागली असेल तर पुसण्यात अर्थ नाही. सगळ्या एकदम सोडू नकोस, एक काढून एक चढव.

तुझ्याच का जातात, तर तुझ्या हातांमुळं. काही माणसांच्या घामानं लोखंड लवकर गंजतं. आबांचे हात तसे होते, त्यांच्या घड्याळाचा पट्टा आठव. माझेही तसेच, बापावर गेलेले. माझ्या तारा पंधरा दिवसांत काळ्या व्हायच्या तेव्हा तू मला निष्काळजी म्हणायचास.

आणि पत्रात तू लिहिलंस, ‘तारा तुटलेल्या होत्याच.’ तुटल्या नव्हत्या दादा. आईनं तोडल्या. सहा वर्षं झाली, अजून त्या घरात हे कुणी सरळ बोलत नाही.

सुलक्षणा


पाटस,
२९ मे २०२५

चि. सुलू,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी रॉकेलची बाटली बाहेर ठेवली. तू म्हणालीस ते हातांचं मात्र मला खरं वाटेना. मग आठवलं, कारखान्याच्या स्टोअरमधला माणूस मला हातमोजे घातल्याशिवाय मोजमापाची हत्यारं देत नाही, कारण माझ्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी त्यांवर तांबडे उमटतात. वीस वर्षं तो हे सांगतोय आन् मी त्याला किरकिऱ्या म्हणत आलो.

तरी खात्री करून घेतली. म्हस्कूमामांकडनं एक नवी तार आणली, बारीक, विनागुंडाळीची. तिचे चार तुकडे केले. एक मी तळहातात चोळला, एक शितलनं, एक आईनं, चौथ्याला कुणी हात लावला नाही. चार काड्यापेट्यांत घालून, वर नावं लिहून, आठ दिवस ठेवले. आईनं विचारलं, हे काय खूळ? म्हटलं, कुणाच्या हातानं तार खराब होते ते बघायचंय. ती म्हणाली, “माझ्या हातानं काय व्हायचंय?”

काल पेट्या उघडल्या. माझा तुकडा तांबूस, ठिपक्याठिपक्यांचा. शितलचा जरा मंद झालेला. आईचा आन् न शिवलेला, दोन्ही सारखे लखलखीत. कुठला कुठला ते नाव वाचल्याशिवाय सांगता येईना.

आईच्या हातानं तार गंजत नाही, सुलू. आन् तुटतही नाही.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. गिटार घेऊन गेलो त्या दिवशी म्हस्कूमामांनी जुन्या तारांची टोकं बघितली. मला म्हणाले, “या तुटल्या न्हाईत, कापल्यात. पक्कड कुणाची?” मी म्हणालो, ठाऊक नाही. मी फिटर आहे. तुटलेली तार तुटायच्या जागी मानेसारखी बारीक होते, कापलेली दोन्ही बाजूंनी चेपून धारेवर येते. मला भिंगाचीही गरज नव्हती.

पक्कड माझी होती.

त्या वेळी तू शिरूरच्या मंगल कार्यालयात तुझ्या कंपनीतल्या पोरांबरोबर स्टेजवर वाजवलंस, त्याचा व्हिडिओ कँटीनमध्ये फिरला. लोक खी-खी करत होते. त्याच आठवड्यात तुला बघून गेलेल्या यवतच्या पाहुण्यांनी नकार कळवला. मी दुपारी जेवायला घरी आलो, तू नव्हतीस, आई वाफ्यात होती. पक्कड खिशातच होती. सहा कट. प्रत्येक तार तुटताना आवाज करते, जाड तारेचा अंगणापर्यंत जातो. आई तो आवाज ऐकून आत आली. तिनं सगळं बघितलं आन् माझ्या हातातली पक्कड काढून घेतली.

संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा मी दारात उभा होतो. आईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग तुझ्याकडं, आन् म्हणाली, “व्हय, म्याच तोडल्या.” मी तोंड उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं. मग तू आतल्या खोलीत जाऊन तिच्याशी काय बोललीस ते मला माहीत नाही, तिनं कधी सांगितलं नाही. पिशवी घेऊन तू गेलीस.

‘आई, तू असं का केलंस?’ हे मी तिला काल पहिल्यांदा विचारलं. सहा वर्षांनी. ती म्हणाली, “आईवरचा राग लेकीला लई दिस धरता येत न्हाई. भावावरचा धरता येतो. म्हटलं, माझ्यावर रुसली तर चार महिन्यांत येईल.”

तिचा अंदाज चुकला, आन् मी तो चुकू दिला.

गिटार मी का काढली, हेही तुला वाटत असेल. मला बघायचं होतं, त्यात असं काय होतं की तू त्यासाठी एवढं ऐकून घेत होतीस. अजून पुरतं कळलं नाही. पण परवा तीन सूर एकापाठोपाठ नीट वाजले, तेव्हा मी शितलला हाक मारून दाखवायला बोलावलं. तू मला किती वेळा बोलवायचीस आन् मी पेपर वाचत बसायचो.

क्षमा मागत नाही. ती आधी आईची मागायला हवी, आन् आई मागू देत नाही. तू फक्त तिच्याशी बोल.

दादा म्हणायचं की नाही ते तू ठरव.

गोकुळ


शिरूर,
५ जून २०२५

आई,

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे दादाच वाचून दाखवत असणार. वहिनीच्या हातात द्यायचं नाही, त्यानंच वाचायचं आहे.

त्या दिवशी आतल्या खोलीत मी तुला म्हणाले होते, आजपासून माझी आई मेली. ते तू कुणालाच सांगितलं नाहीस, त्यालाही नाही, हे त्याच्या पत्रावरून कळलं. त्यानं ते आत्ता पहिल्यांदा वाचलं असेल.

दादा, थांबू नकोस. पुढं वाच.

आई, न केलेल्या गोष्टीसाठी तू ते ऐकून घेतलंस. तू खोटं बोललीस हेही मला पटलेलं नाही, पण ते आपण दोघी बसून बघू. माझ्या लग्नाचं तुला कुणी सांगितलं नसेल. केलं नाही मी. क्लासला सोळा मुलं येतात, त्यांतल्या अकरा मुली. सगळ्यांत आधी मी त्यांना हात धुवायला शिकवते.

रविवारी न्हावऱ्यावरून चौफुल्याला येणाऱ्या एसटीनं निघते, तिथून पाटस. कुणी घ्यायला येऊ नका. मी चालत येईन. तू वाफ्यातच बस, मी तिकडं येते.

दादाशी मी अजून बोलणार नाही. किती दिवस, ते मलाही माहीत नाही. गिटार त्याच्याकडंच राहू दे. त्याच्या तारा आता बदलायला झाल्या असतील, मी नवा संच आणते आणि कशा चढवायच्या ते दाखवते. दाखवायला जेवढं बोलावं लागतं, तेवढं बोलेन.

तुझी लेक
(दादा, एवढं दोनदा वाच)
सुलू