घाटात सुटलेली धाव

बा, तुले लिहायचं लिहायचं म्हणून दहा वर्षं टाळलं. आधी अक्षर येत नव्हतं. पंतोजींनी ते आणलं, तर कागद नव्हता. एकदा कागद मिळाला, त्यात फुटाणे बांधून खाल्ले. आज अक्षर आहे, साहेबाच्या पायगाडीले गुंडाळून आलेला कागद आहे, आणि मले इथून उठून कुठं जाताही येत नाही. म्हणून सापडलो.

इथं म्हणजे परतवाड्याच्या वरच्या घाटात, निम्म्या चढावर. डोक्यावर मोहाचं झाड, समोर कोरकूंची सात-आठ घरं, आणि मांडीशी एक उघडं लाकडी चाक. त्याच्या कडेवरून निसटलेली लोखंडी धाव कड्यासारखी शेजारी पडली आहे. धाव म्हटल्यावर आठवलं. तू गेल्यावर कापसाले असा भाव आला की लोकांची डोकी फिरली. तुझा चाकांचा कारखाना आता दादा चालवतो. एक पाटील त्याच्या मागं लागला, माझ्या बैलबंडीच्या चाकांले चांदीची धाव चढव. दादा म्हणाला, "पाटील, चांदी मऊ असते. लोखंडच बरं." पाटील म्हणाला, "लोखंड तं सगळेच चढवतात!" चढवली. पहिल्याच बाजाराले अर्धं गाव त्या बंडीच्या मागं खाली मान घालून चाललं, झिजलेली चांदी वेचत. आता भाव उतरला, पाटील लोखंडावर आला. पण मी पायगाडीचं सांगत होतो.

तिले बैल लागत नाहीत, घोडाही नाही. पुढं एक चाक, मागं एक, मधे लोखंडाची पट्टी. तिच्यावर बसायचं आणि पुढच्या चाकाले लावलेल्या दांड्या पायानं फिरवायच्या. चाकं मात्र तुझ्याच कारखान्यातली वाटावी अशी, लाकडाची, वरून लोखंडी धाव. कापसाच्या गठाणी बांधायच्या कारखान्यातल्या एका गोऱ्या साहेबानं ती विलायतेहून मागवली, एकदाच बसला आणि थेट उकिरड्यात उतरला. मग म्हणाला, ही चिखलदऱ्याच्या बंगल्यावर पाठवा, थंड हवेत जमेल. सगळे बंडी शोधू लागले. मी म्हणालो, बंडी कशाले, मी बसून नेतो. ती धड पोचली तर साहेब मले संगं घेऊन नर्मदेपलीकडे फिरायले जाणार. मोडून पोचली तर आयुष्यभर दादाच्या हाताखाली रंधा ओढीन, असं मायले वचन देऊन बसलो आहे. साहेब उद्या सकाळी वर येतो.

अकोल्याहून दर्यापूरवरून सरळ वाट आहे. पण मले अमरावतीच्या बाजारातला कापसाचा डोंगर पाहायचा होता. तिथं कोणी म्हणालं, रिद्धपूर काही लांब नाही. तिथल्या पंगतीत दोन दिवस जेवलो. परतवाड्यात आलो तर कुस्त्या निघाल्या. चार दिवसांची वाट, आज अकरावा दिवस. कुस्त्यांचे दोन्ही दिवस पायगाडी उन्हात उभी होती. तुझं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. उन्हाळ्यात चाकाले तहान लागते, रात्रभर नदीत ठेवावं, लाकूड फुगलं की धाव पक्की बसते. सापन नदी शंभर पावलांवर होती. कुस्ती दहाच पावलांवर होती.

आज घाटाच्या पहिल्या चढाले मी पायगाडीवर होतो. दुसऱ्या चढाले पायगाडीच्या बाजूले. तिसऱ्या चढाले पायगाडी माझ्यावर होती. मग एक लहानसा उतार लागला, मी हरखून टांग टाकली, गाणंही सुरू केलं, आणि माझ्याच चाकाची धाव मले मागं टाकून पुढं निघून गेली. मी झुडपात. धाव शेळ्यांच्या कळपातून, मोहफुलांच्या टोपल्यांमधून वाट काढत एका म्हातारीच्या पायाशी जाऊन आडवी झाली.

"हे तुझं आहे काय?" म्हातारीनं विचारलं.

"माझंच, माय."

"बैल कुठं आहेत?"

"बैल नाहीत. मीच ओढतो."

"मंग गाडीत कोण बसते?"

"मीच बसतो."

तिनं शेजारणीले कोरकूत काही सांगितलं. दोघी पोट धरून हसल्या. मग वेड्याले द्यावं तशा मायेनं मले पाणी दिलं, मूठभर मोहफुलं दिली, गोवऱ्याही दिल्या.

गोवऱ्या पेटवून धाव तापवली. हिरव्या काठ्यांनी उचलून चाकावर बसवायले गेलो तर ती आकसून घट्ट करायचं पाणी दूर. पाणी जवळ आणलं तोवर धाव थंड. पुन्हा तापवली. म्हातारीचा मुलगा म्हणाला, मी टाकतो पाणी. धूर निघताच त्यानं अख्खी घागर माझ्यावर टाकली. त्याच्या नजरेत पेटलो होतो मीच. पाणी कधी टाकायचं ते समजणारा माणूस लागते, बा. लवकर टाकलं तर धाव बसत नाही, उशिरा टाकलं तर लाकूड जळते.

आता तेच सांगायचं आहे, जे दहा वर्षं टाळलं. तो दिवस आठव. तू लाल धाव सांडशीनं धरून उभा आहेस, गल्लीत दरवेशी अस्वल घेऊन आला आहे, आणि तू ओरडून राहिला, "पाणी! अरे पाणी!" मी गल्लीत. परत आलो तोवर चाक काळं झालं होतं. तू विचारलं, पाण्याची पाळी कोणाची होती? मी म्हणालो, दादाची. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि आपली पाठ पुढं केली. तू त्याले दांड्यानं झोडपलं आणि म्हणालास, "तुझ्या हातचं चाक दोन कोस जाणार नाही." आठ दिवसांत पटकीनं तुले नेलं. दादाची चाकं आता नागपुरापर्यंत जातात. तरी दर नवीन चाकाबरोबर तो दोन कोस पायी चालत जातो. आम्ही विचारलं तर म्हणतो, पाय मोकळे करून येतो.

पाळी माझी होती, बा.

खालच्या वळणावर एक रेंगी, हलकी बैलगाडी, येऊन राहिली. एवढ्या उन्हात बैलांले सांभाळून चढवणारा कोण असेल म्हणून मान उंच केली. दादा आहे! चार दिवसांच्या सरळ वाटेनं आला असेल. उतरायच्या आधीच ओरडला, "मायनं धाडलं. नदीत भिजवलं नसशील ना? काहून कागद काळा करून राहिला? गोवऱ्या पेटव! धाव मी धरतो, पाणी तू टाक." त्यानं तुझी सांडस आणली आहे.

गोवऱ्या पेटवायले कागद लागेल, तो हाच. दादाले मी पाळीचं आज तोंडानं सांगणार आहे. पण पाणी टाकून झाल्यावर, आणि सांडस त्यानं खाली ठेवल्यावर.