छकुलीची पाळी

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे. छकुली, मी, दोन पिशव्या आणि एक उशी. हे गेल्यापासून आम्ही मायलेकी भावाकडे होतो. दादा काही बोलत नसे, पण वहिनी भांडी आदळायची ती माझ्यासाठीच. इथे ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनाघरात कपडे धुवायचे, इस्त्री करायची; राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. खिडकीतून वाळत घातलेल्या चादरी दिसतात. छकुली पलंगावर उड्या मारून दमली. सगळी व्यवस्था पाळकीणबाई, म्हणजे इथल्या पाद्रीसाहेबांच्या पत्नी, बघतात. आवाज इतका गोड, की रागावल्या तरी कळायचं नाही.

इथली एक रीत आहे. जेवणाआधी टेबलावर हात ठेवायचा, आज प्रार्थनेत लक्ष कशाकडे गेलं ते सांगायचं आणि म्हणायचं, मी ते सोडते. मग सगळे आमेन म्हणतात. प्रभूपासून लक्ष हटवतं ते पापच, असं पाळकीणबाई म्हणतात. मला आवडलं. मनातलं ओकून टाकलं की जेवणही अंगी लागतं.

मंगळवार, ४

स्वयंपाकीणबाईंनी आपली मांजर सांगितली, प्रार्थनेत पायात घोटाळते म्हणे. इस्त्रीवाल्या काकांनी बायको सांगितली. ती शनिवारी भेटायला येते आणि हे आठवडाभर तिची वाट बघतात. मी भावाचं घर सांगितलं. वहिनीचे टोमणे देवापुढेही कानात वाजतात, काय करू.

छकुली म्हणाली, काही नाही. सगळे हसले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाळकीणबाई म्हणाल्या, घाई नको, रविवारी सांगेल. खोलीत आल्यावर वेणी घालता घालता पोरीला चांगलं फैलावर घेतलं. देवासमोर खोटं बोलायचं नाही, लक्ष जिकडे गेलं तेच सांगायचं. रडली. पण असल्या गोष्टी लहानपणीच अंगवळणी पडलेल्या बऱ्या.

गुरुवार, ६

मन अगदी हलकं झालंय. मांजर मात्र दिसत नाही. स्वयंपाकीणबाईंना विचारलं, तर कसली मांजर म्हणून माझ्याकडेच बघत राहिल्या. तिच्या वाटीत त्या मीठ भरत होत्या.

शनिवार, ८

काकांची बायको आली. काकांनी तिला विचारलं, कोण हवंय आपल्याला? तिला आधी थट्टा वाटली. मग हसेना. दुपारभर फाटकाशी बसून होती. मी पाणी घेऊन गेले तर नुसत्या चपला.

मी घाबरून पत्र लिहायला बसले, पण कोणाला लिहायचं तेच सुचेना. मागचं पान वाचलं तेव्हा कळलं, मला भाऊ आहे. त्याचा चेहरा आठवत नाही. गाव आठवत नाही. छकुलीला विचारलं, तर तिला फक्त हिरवा दरवाजा आठवतो.

रविवार, ९

उद्या सकाळी निघायचं. वाट फुटेल तिकडे. आजचं जेवण चुकवणार होते, तर पाळकीणबाई स्वतःच न्यायला आल्या. जाता जाता छकुलीच्या कानात सांगितलं, चिमण्या म्हण. नुसतं चिमण्या. ती म्हणाली, खोटं बोलायचं नाही ना, तूच रागावलीस.

तिचा एवढासा हात टेबलावर. पाळकीणबाईंनी लाडानं विचारलं. ती म्हणाली, मी आईकडे बघत बसते, आई दमलेली दिसते, मी ते सोडते.

मी ओरडायला तोंड उघडलं— आणि सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडून आमेनच गेलं. सवयीनं.

सोमवार

छकुली एकटीच उठली. माझा पलंग कुठे गेला— मी हाक मारली. तिनं फक्त कान खाजवला.

प्रार्थनेत डोळे मिटून बसली. एकदाही इकडे बघितलं नाही. पाळकीणबाई म्हणाल्या, किती गुणाची पोर, बिचारीला कोणी नाही—

वाटलं होतं मीही तिला विसरेन. नाही. मला सगळं आठवतंय. तिचा पहिला दात, तापातलं बरळणं, सगळं—

रडत नाही ती. खूश आहे.

ही वही सापडली तिला. कोरी आहे म्हणाली. वर ती चित्र काढतेय, खाली मी लिहितेय. हिरवा दरवाजा. दारात एकच मुलगी—

वेणी वाकडी घातलीय तिनं. सोडून परत घालते. केस बोटांना लाग—