टाकीतला घोडा

७ फेब्रुवारी

टाकी आली! लेकीने पाठवली. विचारणं नाही, सांगणं नाही — दारात दोन माणसं, हातात काचेचा डबा, वर पंप, दिवा आणि बादलीभर समुद्री मीठ. फोन केला तर म्हणते, "आई, बाबांना हलतं काहीतरी बघायला हवं. भिंतीकडे किती बघतील?"

मी म्हटलं, "वीस वर्षं तुझी आई व्यासपीठावरून काय सांगत आली? पकडलेला जीव विकत घेणं म्हणजे पकडणाऱ्याला पुढची ऑर्डर देणं!"

"आई, मी सभेत नाहीये. भाजी चिरतेय."

ठेवायची कुठे? मास्तरांच्या — तिच्या बाबांच्या — खुर्चीसमोर एकच जागा — ते बुटकं टेबल. त्यावर बुद्धिबळाचा पट आठ आठवडे तसाच मांडलेला होता. सोंगट्या एका फटक्यात डब्यात लोटल्या, डबा माळ्यावर टाकला. मास्तर बघत होते. पक्षाघात झाल्यापासून चेहऱ्यावरचं कळत नाही. उजवी बाजू तर काही सांगतच नाही.

९ फेब्रुवारी

वाचा-उपचार करणारी बाई आली. पोरसवदा आहे, पण धिटाई बघा — मलाच तंबी! "ते शब्द शोधत असताना तुम्ही वाक्य पूर्ण करता. करू नका. मनात दहा आकडे मोजा, मग बोला."

मी म्हटलं, मी आयुष्यभर ज्यांना आवाज नाही त्यांच्या वतीने बोलत आलेय.

"हो, ते दिसतंच," ती म्हणाली.

रागच आला. दुपारी प्रयोग करून पाहिला. चार आकड्यांच्या पुढे गेले नाही.

१० फेब्रुवारी

बोलले! मास्तर बोलले!!

सकाळी खुर्चीत बसवलं. डावा हात उचलला, बोट टाकीकडे. ओठ हलले. आणि स्पष्ट — "घोडा."

दोन महिन्यांतला पहिला शब्द. मी रडले, हसले, लेकीला फोन लावला. "घोडा म्हणाले! समुद्रघोडा हवाय त्यांना!" ती पण रडली. वन्सं — मास्तरांची थोरली बहीण, आजार झाल्यापासून आमच्याकडेच आहेत — म्हणाल्या, "पहिला शब्द बायकोचं नाव असतो म्हणतात. तुझ्या नशिबी घोडा!"

१२ फेब्रुवारी

दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. ज्या दुकानांसमोर घोषणा दिल्या, त्यातल्याच एकात. दुकानदाराने ओळखलं असावं, कारण चहा मागवला नाही.

"बाई, एवढ्याशा टाकीत समुद्रघोडा म्हणजे नाजूक काम. पाण्याला ओढ नको. पोटात साठवण नाही, दिवसातून तीन-चारदा खायला हवं. ताजी उबवलेली झिंग्यांची पिल्लं लागतात. दुसरं काही न्या की." आणि दाखवत सुटला. शंख पाठीवर घेऊन फिरणारा खेकडा. पिसाऱ्यासारखा फुलणारा किडा, हात लावला की गडप. आणि एक बोटभर कोळंबी — चिमटा असा वाजवते की आजूबाजूचे मासे गपगार पडतात!

ती मला आवडली, खोटं कशाला बोलू. वन्सं सोबत होत्या. म्हणाल्या, "कशाला? तसलं एक आहे घरात."

दुकानदार हसला. मी नाही.

समुद्रघोडे मागच्या टाकीत होते. अंगठ्याएवढे. शेपटीने गवताची काडी धरून उभे — सभा संपली तरी घरी न जाणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे. "पकडलेले?" मी विचारलं. "नाही बाई. इथेच जन्मलेले. आई-बाप दाखवू?"

आई-बाप दाखवले.

१३ फेब्रुवारी

घोडा. घोडा. घोडा. सकाळपासून सात वेळा. दुसरा शब्द नाही.

१५ फेब्रुवारी

तत्त्व म्हणजे काय, याच्यावर मी दीड तास सलग बोलू शकते. बोललेय. आणि आज दोन ओळी लिहिता येत नाहीत.

टाकीत जन्मलेला असला म्हणून काय झालं? त्याच्या आजोबाला कुणीतरी समुद्रातून उचललाच ना? हाच प्रश्न सभेत कुणी विचारला असता तर मी त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण मास्तर! छापखान्यात तीस वर्षं प्रूफं तपासली, म्हणून सगळं गाव मास्तर म्हणतं. माझं प्रत्येक भाषण छापायच्या आधी यांच्या हाताखालून गेलं. लाल पेन घेऊन बसायचे. "तीन विशेषणं? एक पुरे." बाकी गप्प. त्या माणसाने चाळीस वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागतोय, आणि मी तत्त्वाचा कीस पाडत बसू?

घेणार. शिव्या द्यायच्या त्यांनी द्याव्यात.

१६ फेब्रुवारी

दुकानदार म्हणतो, आधी पाणी मुरू द्या. त्याच्या जुन्या टाकीतले दोन दगड आणि बादलीभर पाणी दिलं. दोन आठवडे नुसती खळखळ. पंप मंद केला.

१ मार्च

आला. शेंदरी, कमरेत वाकडा, तोंड नळीसारखं. शेपटीने हीटरची वायर धरली आणि उभा राहिला.

मी मास्तरांच्या गळ्यात पडून म्हटलं, "घ्या तुमचा घोडा!"

मास्तरांनी टाकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग मान फिरवली.

थकले असतील.

५ मार्च

सभा. "समुद्राची लूट" हा विषय. अर्ध्यावर आले असताना मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, तुमच्या घरी टाकी आहे म्हणे!"

उत्तर तयार होतं. असतंच माझ्याकडे. नवऱ्याच्या वतीने, आजाऱ्याच्या वतीने, मुक्याच्या वतीने... तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर आली ती फिरवलेली मान. खाली बसले. टाळ्याही नाहीत, हुर्योही नाही.

८ मार्च

खात नाही. पिल्लं त्याच्या नाकासमोरून पोहत जातात, तो एका डोळ्याने बघतो, बस. पोट आत गेलंय.

मास्तरही जेवत नाहीत. आज "घोडा" म्हणाले आणि डाव्या मुठीने खुर्चीचा हात बडवला. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "अहो, आणला ना! हा काय समोर! अजून कुठला घोडा आणू?" मोठ्याने म्हटलं. ओरडलेच. वन्सं आतून आल्या. "अगं, तो बहिरा झालेला नाही."

दोघांनाही मीच मारणार बहुधा.

११ मार्च

आजच लिहून ठेवते.

सकाळी वन्सं टेबलाखाली झाडत होत्या. "तीन महिने इथे झाडू फिरला नाही वाटतं! देशाची सफाई करते, आणि घरात बघा!" झाडू पार भिंतीपर्यंत खुपसला आणि काहीतरी गडगडत बाहेर आलं. उचलून त्यांनी फुंकर मारली.

"हे काय गं? घोडा?"

काळा घोडा. बुद्धिबळातला. कानाचा टवका उडालेला, आमचाच.

मास्तरांचा डावा हात पुढे आला. मी इतक्या दिवसांत तो हात इतका सरळ पाहिला नव्हता. घोडा मुठीत घेतला, छातीशी धरला आणि डोळे मिटले.

बोट टाकीकडे नव्हतंच. बोट खाली होतं. टेबलाखाली, भिंतीच्या कडेला. खुर्ची बुटकी, त्यांना रोज दिसत होता. मी सोंगट्या डब्यात लोटल्या तेव्हा एक कमी आहे, हे त्यांनी टिपलं होतं. प्रूफ तपासणारा माणूस! गळलेलं अक्षर दाखवत होता महिनाभर, आणि मी त्याच्यापुढे अख्खा समुद्र आणून ठेवला.

१२ मार्च

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. डॉक्टरांनाही नाही.

झटका आला त्या संध्याकाळी आम्ही खेळत होतो. खेळी मास्तरांची. मी दुसऱ्या दिवशीच्या भाषणाचा शेवट म्हणून दाखवत होते. खाली टक्‌ असं काही वाजलं. मी वर पाहिलं नाही. परिच्छेद पूर्ण केला. शेवटचं वाक्य जमलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. मग विचारलं, "कसं वाटलं?" — तेव्हा पाहिलं. तोंड वाकडं झालेलं. काहीतरी सांगत होते, किती वेळ कोण जाणे.

त्यांच्या हातातून घोडा पडला होता. तेच सांगत होते. तिथपासून तेच सांगतायत.

१३ मार्च

दुकानदार येऊन समुद्रघोडा घेऊन गेला. मोठ्या टाकीत आपल्या गोतावळ्यात तो खाईल म्हणाला. "चूक तुमची नाही बाई." मी म्हटलं, "माझीच आहे." वन्सं बघतच राहिल्या — हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

टाकी खिडकीत सरकवली. रिकामी म्हणून पंप बंद करायला गेले, तर दगडाच्या भोकातून दोऱ्याएवढा काटेरी हात बाहेर. मग दुसरा. जाताना दुकानदाराने सांगून ठेवलं होतं, "दगडाबरोबर कुणी आलं असेल तर राहू द्या." तारामाशाचा कुणी लांबचा भाऊ. निवडला कुणीच नव्हता. पंप चालू ठेवला.

डबा माळ्यावरून काढला. पट बुटक्या टेबलावर. मला डाव आठवत नव्हता. एकेक सोंगटी ठेवत गेले आणि मास्तर डाव्या हाताने सरकवत, काढत, परत देत गेले. चुकीचं ठेवलं की बोटाने टकटक. अख्खी दुपार गेली. मी एक शब्द बोलले नाही. सगळं लागलं, आणि त्यांच्या मुठीत घोडा तेवढा राहिला.

१४ मार्च

खेळी मास्तरांची. मी समोर बसून मोजत होते. दहा. वीस. चाळीस. तोंड बंद.

एकसष्ट झाले तेव्हा त्यांनी घोडा ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले —

"शह."